बठी बठी

दत्तजयंतीच्या सकाळी चावी फिरवली
तर नुसतं खट्.
एकदाच. जीभ टाळूला लागून सुटावी तसं.
दुसऱ्यांदा तेही नाही.

स्टँडर्ड हेराल्ड, सहासष्टची.
वर्षातून एकदा सारंगखेड्याला जाते, घोडे बघायला.
बाकीचे दिवस दोंडाईच्यात, पत्र्याच्या शेडमध्ये,
मिरचीच्या रिकाम्या पोत्यांना टेकून.
तिच्या सीटवर नुसतं बसलं तरी शिंक येते.

युनूस पिंजारी आला, कानाला मफलर, हातात मीटर.
हेराल्डचं बॉनेट पुढे उलटतं,
अख्खं तोंडच उघडतं,
दाताच्या डॉक्टरपुढे उघडावं तसं.
आत टर्मिनलवर फुललेली
हिरवट पांढरी बुरशी.
त्यानं गरम पाणी मागितलं आणि खायचा सोडा.
मी स्वयंपाकघरात शिरलो.
सुमनबाई म्हणाली, भजी करताय का?

सोडा फसफसला, खाली बसला.
मीटरवर आठ पूर्णांक चार.
"सर, ही मरनी नही," युनूस म्हणाला,
"बठी बठी झुरनी."

पण कशानं?
दिवे बंद, डिकीचा बल्ब केव्हाच गेलेला,
हॉर्न तर मागच्या सालीच मुका.
तो एकेक वायर हातात धरून आत आत गेला
आणि बोट ठेवलं ते घड्याळावर.

भटेसिंगनं बसवलेलं.
गाडी आमच्या दोघांत घेतलेली, निम्मी निम्मी;
कुठली निम्मी कुणाची ते कधी ठरलं नाही.
घड्याळ लावून तो सुरतला गेला, मुलाकडे, आठ दिवसांसाठी.
त्याला आता अकरा वर्षं झाली.

काटे दोन वाजून दहा मिनिटांवर.
दुपारचे की रात्रीचे,
मे महिन्यात, पत्रा तापून तडतडत होता तेव्हा,
की आत्ता परवाच, कोण सांगणार?
गाडी जागची हलली नाही
आणि हे अंधारात चालत राहिलं,
बॅटरी थेंब थेंब पीत,
कुणी विचारलेलं नसताना वेळ सांगत.

मिरचीचा ट्रक रस्त्यात थांबला. ड्रायव्हर म्हणाला, घ्या की माझी.
युनूसनं हात आडवा केला.
ट्रकची चोवीस, हिची बारा.
इतकी ताकद एकदम दिली
तर आहे तेही जळून जायचं.
मग कौतिक आप्पांचा ट्रॅक्टर आला.
लाल चिमटा लालला,
काळा लांब, चेसिसच्या उघड्या लोखंडाला,
म्हणजे ठिणगी पडली तरी तिकडे पडेल.
पाच मिनिटं थांबायचं होतं.
थंडीत तीन माणसं, एक धडधड,
आणि बोलायला काही नाही.

सुरू झाली.
आधी खोकली, मग निळा धूर, मग सुरू झाली.

"कट-ऑफ बसाडू का, सर?
कळ फिरावी का समदं बंद. घड्याळबी."
मी सुरतला फोन लावला.
म्हटलं, निम्मी तुझी आहे, विचारून घेतो.
भटेसिंग बराच वेळ गप्प.
मग म्हणाला,
"यंदा घोडे कसे आहेत रे?"

जाऊन सांगतो, म्हटलं.

युनूसनं बजावलं होतं, तासभर इंजिन बंद करायचं नाही.
म्हणून तापीकाठी, जत्रेच्या कडेला,
गाडी चालू ठेवून आत बसून राहिलो.
काचेपलीकडून घोडे गेले,
एक अबलख, एक पंचकल्याणी,
एक नुसताच तपकिरी, ज्याला कुणी भाव विचारत नव्हतं.
घड्याळ कधी चालू झालं ते कळलंही नाही;
दोन वाजून दहाच्या पुढे
त्याचं ते निघालं होतं.
बाहेर साडेअकरा.
मी काटे जुळवले नाहीत.

मागच्या सीटवर सुमनबाई शिंकली.
तपकिरी घोड्यानं कान टवकारले.